गावाऐवजी छाटणीची तारीख: आमची वाटचाल

संस्थांसाठी सभासदांचे ग्रुप उभे करायचे आणि चालते ठेवायचे, एवढंच काम आमची नाशिकमधली छोटी फर्म करते. शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था, वाचनालयं, बचत गटांचे संघ असे आमचे ग्राहक. सुरुवातीला सगळ्यांना फेसबुक पेज हवं असायचं आणि आम्ही तेच देत होतो. पेजवर लाइक जमायचे, पण सभासद आपापसांत बोलत नसत. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं ठरवलं आणि पेजची फुकटची पोहोच आटत गेली. तेव्हापासून आमचा सगळा भर व्हॉट्सॲपवर आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा 2016 पासून 256 जणांची होती. 2022 मध्ये ती आधी 512 आणि नंतर 1024 झाली. तेव्हापासून प्रत्येक संस्थेला सगळे सभासद एकाच ग्रुपात हवे असतात. आम्ही ठामपणे नाही म्हणतो. हजार अनोळखी लोकांसमोर आपलं अज्ञान दाखवायला माणूस कचरतो. चर्चेचा ग्रुप आम्ही दीडशेच्या आत ठेवतो. सूचनांचा ग्रुप वेगळा आणि तिथे फक्त ॲडमिनने लिहायचं.

ग्रुप कशाच्या आधारावर पाडायचे, हे आम्हाला द्राक्ष बागायतदारांनी शिकवलं. आधी आम्ही गावनिहाय ग्रुप केले, आणि ते थंड पडले. एकाच गावात एकाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरअखेर होते, दुसऱ्याची ऑक्टोबरअखेर. एकाची बाग फुलोऱ्यात असताना दुसऱ्याची पोंग्यात, म्हणजे कोंब नुकते फुटत असलेली, असते, मग एकाच्या प्रश्नाचं दुसऱ्याला काय? छाटणीच्या आठवड्यानुसार ग्रुप पाडले तेव्हा निफाडचा आणि दिंडोरीचा शेतकरी एकाच दिवशी एकाच अडचणीत सापडू लागला, आणि बोलणं आपोआप सुरू झालं. आता कोणतीही संस्था आली की आमचा पहिला प्रश्न हाच असतो: तुमच्या सभासदांना एकाच वेळी एकच अडचण कशामुळे येते?

दुसरं काम म्हणजे प्रश्नाला वळण लावणं. अंधुक फोटो आणि खाली ‘औषध सांगा’, असा मेसेज आला की एक तर शांतता, नाही तर पाच कंपन्यांची पाच नावं. म्हणून ग्रुपच्या माथ्यावर एक मेसेज पिन असतो: वाण, छाटणीला किती दिवस झाले, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, आणि पानाचे दोन फोटो, एक वरून, एक खालून. खालचा फोटो अत्यंत महत्त्वाचा. केवडा, म्हणजे डाऊनी, या बुरशीच्या रोगाचा डाग पानाच्या वर तेलकट पिवळसर दिसतो, पण खात्री पटते ती त्याच जागी खालच्या बाजूला आलेल्या पांढऱ्या बुरशीवरून. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाची पावडर पानाच्या वरही दिसते. दोन्हींची औषधं वेगळी. ओळखण्यात चूक झाली की फवारणीचा खर्च वाया जातो आणि रोग पसरायला मोकळे दिवस मिळतात. मात्रा लिहायची तर लेबलचा फोटो टाकूनच, आणि सोबत काढणीपूर्व किती दिवस फवारणी थांबवायची तेही लिहायचं, हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो, म्हणून तो पुन्हा पिन करायची तारीख वहीत लिहिलेली असते.

उत्तर देणारी माणसं आधी शोधावी लागतात. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडलेला 90-9-1 चा अंदाज आम्हाला जवळपास पटतो: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एक जण बहुतेक भार उचलतो. म्हणून ग्रुप सुरू करताना आम्ही तीसच जण घेतो आणि त्यातल्या सात-आठ जणांना आधी प्रत्यक्ष भेटून उत्तरं द्यायला तयार करतो. पहिले दोन आठवडे हाच गट. प्रश्नाला सभासदाकडूनच बारा तासांत उत्तर मिळू लागलं की बाकीचे जोडायचे. मेसेजची एकूण संख्या आम्ही मोजतच नाही, कारण शुभ सकाळच्या चित्रांनी ती हवी तेवढी फुगते. आठवड्यात किती वेगवेगळी माणसं बोलली आणि किती प्रश्न अनुत्तरित राहिले, एवढंच दर सोमवारी लिहून ठेवतो.

महिलांच्या गटांत गोष्ट वेगळी आहे. ग्रुपात आलं की नंबर सगळ्यांना दिसतो, आणि मग अनोळखी फोन सुरू होतात. बायका तक्रार करत नाहीत, गुपचूप बाहेर पडतात. अशा ठिकाणी आम्ही नोव्हेंबर 2022 मध्ये व्हॉट्सॲपवर आलेली कम्युनिटीची, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली आणण्याची, सोय वापरतो. तिच्या सूचना ग्रुपात नंबर इतर सदस्यांपासून झाकलेला राहतो. चर्चेच्या ग्रुपात मात्र तो दिसतोच. म्हणून तिथे एकमेकींना ओळखणाऱ्या वीस-पंचवीस जणीच, आणि त्याही विचारून, होकार नोंदवून. नोंदवहीतला नंबर अनेकदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, त्यामुळे यादी फोन करूनच तपासावी लागते.

ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीचा, एक घोळ जवळपास प्रत्येक संस्थेत सापडतो. यादीत 256 जण असतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी संस्थेचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच. वार्षिक सभेची सूचना मिळालीच नाही, ही तक्रार बहुधा इथून येते. उपाय सोपा आहे: सभासदत्वाचा अर्ज भरतानाच, खिडकीवर उभं असताना, नंबर सेव्ह करून घ्यायचा.

ॲडमिन व्हायला लोक घाबरतात. त्यांना आम्ही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल समजावून सांगतो: सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू असल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. तरी असा मेसेज ॲडमिनने लगेच काढावा, असं आम्ही सांगतो. ॲडमिन किमान तीन हवेत आणि त्यातला एक नंबर संस्थेच्या नावावरचा हवा. सचिव बदलला, त्याने फोन बदलला की अख्खा ग्रुप त्याच्यासोबत जातो. काम संस्थेच्या हवाली करताना आम्ही तपासलेली यादी, होकारांची नोंद, पिन मेसेजचा मजकूर आणि उत्तरं देणाऱ्या सात-आठ जणांची नावं कागदावर देतो, आणि आमचा नंबर ग्रुपमधून काढून घेतो.