तुम्ही विचारलेत म्हणून: गुलामांचा मळा जपायचा कशाला?

लुइझियानात आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी न्यू ऑर्लिन्सपासून तासाभराच्या अंतरावरचा व्हिटनी मळा दाखवायला नेतो आणि परतताना बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: जिथे माणसांना गुरांसारखे राबवले, ती जागा एवढा खर्च करून जपायची कशाला, सरळ पाडून का टाकत नाहीत?

एक तर मालकांचे वाडे पाडायला कोणी निघालेले नव्हते. मिसिसिपीच्या काठाने जाणाऱ्या रिव्हर रोडवर असे कितीतरी वाडे दिमाखात उभे आहेत आणि वर्षानुवर्षे तेथे झुंबरे, ओकची झाडे आणि लग्नसमारंभ यांचेच कौतुक चालत आले. वास्तू जपली जाणारच असेल, तर तेथे गोष्ट कोणाची सांगायची, हा खरा प्रश्न होता. 1752 मध्ये एका जर्मन स्थलांतरिताने सुरू केलेला, आधी निळीचा आणि मग उसाचा असा हा व्हिटनी मळा जॉन कमिंग्ज या न्यू ऑर्लिन्सच्या वकिलाने 1999 मध्ये एका प्लास्टिक कंपनीकडून विकत घेतला. सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांच्या साहाय्याने त्यांनी पदरच्या पैशांतून तेथे गुलामगिरीला वाहिलेले संग्रहालय उभारले आणि डिसेंबर 2014 मध्ये ते लोकांसाठी खुले केले.

आवारात मोठाल्या लोखंडी काहिली आहेत. गुऱ्हाळ पाहिलेल्या मराठी माणसाला त्यांचा उपयोग सांगावा लागत नाही. येथे मात्र त्या मोठीपासून लहानीपर्यंत एका रांगेत भट्टीवर बसवलेल्या असत आणि रस आटत जाई तसा तो लांब दांड्याच्या डावांनी एकीतून दुसरीत उपसावा लागे. लुइझियानात थंडीने उभा ऊस गोठण्याची भीती असते आणि तोडलेला ऊस तर कोठेच थांबत नाही, म्हणून गळीत हंगामात चरक आणि भट्ट्या रात्रंदिवस चालत. पेंगुळलेल्या माणसाचा हात चरकात सापडणे किंवा उकळता रस अंगावर येणे यात कोणाला नवल वाटत नसे. 'पाडून टाका' म्हणणाऱ्या पाहुण्याला मी मालकाच्या वाड्यात नेण्याआधी या काहिलींपाशी उभे करतो.

मग नावांची भिंत. या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या साडेतीनशेहून अधिक जणांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत, त्यातली बहुतेक नुसतीच पहिली नावे, आडनावाशिवाय. ती मिळाली कोठून, तर मालकाच्या मृत्यूनंतर होणाऱ्या मालमत्तेच्या यादीतून, जिथे बैल आणि माणूस यांच्या किमती एकाच वहीत मांडलेल्या असत. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी अशाच कागदांतून लुइझियानातील गुलामांची जी नावे गोळा केली, त्यातली 1,07,000 नावे आवारात दुसरीकडे कोरली आहेत. मला विचाराल, तर कमिंग्ज यांनी जागोजागी उभी केलेली गुलाम मुलांची शिल्पे थोडी कमी असती तरी चालले असते; त्या नावांपुढे आणखी कशाची गरज भासत नाही. तेथे एक व्हिक्टर आहे, ॲना या गुलाम स्त्रीचा आणि मालकाच्या घराण्यातील पुरुषाचा मुलगा. न्यू ऑर्लिन्सचे पहिले कृष्णवर्णीय महापौर अर्नेस्ट मोरियल यांच्या पत्नी सिबिल हायडेल मोरियल या त्याच्याच वंशातल्या.

चिकित्सक पाहुणे एक उणीव हटकून काढतात: गुलामांच्या ज्या झोपड्या दिसतात त्या इथल्या नाहीत, दुसऱ्या मळ्यावरून आणून बसवलेल्या आहेत. आक्षेप बरोबर आहे. मालकाचा वाडा अठराव्या शतकापासून टिकला आणि झोपड्या 1970 च्या दशकात पाडण्यात आल्या. म्हणजे तुम्ही सुचवता ते पाडकाम एकदा होऊन गेलेले आहे, फक्त ते मालकाच्या घराच्या वाट्याला आले नाही.