अलॉटमेंटची किल्ली मिळाल्यावर पहिल्या वर्षी काय करावं

इंग्लंडात भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. तिचा पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापाने दहा रॉड, साधारण २५० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. हल्ली बऱ्याच ठिकाणी अर्धाच देतात. नोकरी सांभाळून करणाऱ्याला तो सव्वा गुंठाही पुरून उरतो. किल्ली हातात पडली की सगळा प्लॉट एकदम खणून काढायची सुरसुरी येते, ती आवरा. पहिल्या वर्षी एक तृतीयांश लावा आणि बाकीचा झाकून ठेवा.

झाकायचं ते तणामुळे. बरीच वर्षं पडून राहिलेल्या प्लॉटवर काउच ग्रास हे चिवट गवत असणारच. तिची मुळं हराळीसारखी जमिनीखालून पसरतात. पांढरी, टोकदार आणि चिवट. सोबतीला बाइंडवीड हा तणवेल, त्याची मुळं जाड आणि पटकन मोडणारी. भाड्याने रोटाव्हेटर आणून माती भुसभुशीत केली की दोन आठवडे प्लॉट देखणा दिसतो, मग मुळाच्या प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटतो. फावड्यानेही तेच होतं. म्हणून काट्याचा फोर्क घ्या, माती सैल करा आणि मूळ हाताने अख्खं ओढून काढा. न लावलेल्या भागावर उजेड न शिरणारं काळं प्लास्टिक घाला, कडा विटांनी दाबा. काउच ग्रास वाढीच्या एका पूर्ण हंगामात बहुतेक मरते, बाइंडवीडला त्याहून जास्त लागतो. जुना गालिचा मात्र टाकू नका. तो कुजून त्याचे धागे मातीत मिसळतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला मनाईच असते.

वाफा १.२ मीटर रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि माती तुडवली जात नाही. न खणता करायचा असेल तर टेप काढलेले पुठ्ठे एकावर एक सरकवून अंथरा, भिजवा आणि वर १५ सेंटिमीटर कंपोस्ट घाला. ५ मीटर लांबीच्या वाफ्याला ९०० लिटर, म्हणजे ५० लिटरच्या १८ पिशव्या लागतात. हा आकडा ऐकून लोक तबेल्यातल्या फुकट लिदीकडे वळतात आणि तिथेच फसतात.

कुरणावर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक मारलेलं असेल तर ते गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून लिदीत तसंच उतरतं. लीद जुनी, काळी, छान कुजलेली दिसली तरी ते त्यात असू शकतं. बटाटा, टोमॅटो आणि सगळी शेंगवर्गीय पिकं त्याने वाकडी होतात, आणि मेथीही शेंगवर्गीयच. चाचणी सोपी आहे. तीन कुंड्यांत लीद आणि साधं कंपोस्ट मिसळून भरा, तीन कुंड्यांत नुसतं कंपोस्ट, आणि सगळ्यांत ब्रॉड बीन ही शेंगवर्गीय भाजी लावा. महिनाभरात लिदीतल्या रोपांची पानं वाटीसारखी वळली, शेंडा नेच्यासारखा गुंडाळला, तर ती लीद नको.

पहिलं पीक लवकर येणाऱ्या बटाट्याचं घ्या. फेब्रुवारीत बियाण्याचे बटाटे उजेडात, थंड जागी ठेवून आखूड, जाड कोंब आणा. मार्चअखेर १२ सेंटिमीटर खोल लावा, दोन बटाट्यांत ३० आणि दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर ठेवून. कोंब वीतभर वर आले की मातीची भर द्या. रोपं गोठवणारं दहिवर (फ्रॉस्ट) मेच्या मध्यापर्यंत पडतं, त्या रात्री फ्लीस, म्हणजे झाडांवर घालायचं पातळ कापड, पांघरा. जूनअखेर बटाटे निघायला लागतात, म्हणजे जुलैअखेरच्या पुढचा करपा बहुधा चुकतो.

रिकाम्या झालेल्या त्याच ओळीत मेथी. वाणसामानातले दाणे चालतात. रात्रभर भिजवून, दाट, एक सेंटिमीटर खोल पेरा. एप्रिलच्या थंड मातीत बी कुजतं, जुलैत पाच दिवसांत वर येतं आणि पाचेक आठवड्यांत जुडी निघते. उगवताच जाळी घाला, नाहीतर कबुतरं खातील. कोथिंबीर उलटी: लांब दिवस आणि कोरड्या मातीत ती लगेच फुलावर येते, म्हणून एप्रिलमध्ये किंवा ऑगस्टमध्ये पेरा.

कोर्जेटची, म्हणजे झुकिनीची, दोनच झाडं लावा, जूनच्या सुरुवातीला, मीटरभर अंतराने. तिसऱ्याची फळं शेजारीही घेत नाहीत. भेंडी आणि गवार उघड्यावर लावण्यात अर्थ नाही, त्यांना पॉलिटनेल, म्हणजे प्लास्टिकने झाकलेला बोगदाच हवा.