लॅली मास्तर

गॉलवे, 31 ऑगस्ट, रात्री

लेकीची शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आयरिश भाषेचा गृहपाठ आला. मी पोळ्या लाटत होते, ती टेबलाशी बसून घोकत होती, "इस मिशे..." आणि पुढे स्वतःचं नाव. म्हणजे "मी अमुक". ऐकता ऐकता तारखेकडे लक्ष गेलं. 2010 साली याच दिवशी आयरिश नट मिक लॅली गेले. अवघे 64 वर्षांचे होते.

इथे नाव काढलं की लोकांना 'ग्लेनरो'मधला मायली आठवतो. आरटीई या आयर्लंडच्या राष्ट्रीय वाहिनीवर 1983 ते 2001 चाललेली, विकलो परगण्यातल्या शेतकऱ्यांची मालिका. रविवारी संध्याकाळी घरोघरी लागायची. 1990 मध्ये लॅलींनी गायलेलं 'द बाय-रोड टू ग्लेनरो' तर आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढे टीजी-फोर या आयरिश भाषेतल्या वाहिनीच्या 'रॉस ना रून' मालिकेतही ते दिसले. मला मात्र त्याआधीचे लॅली जास्त जवळचे वाटतात.

मेयो परगण्यातलं तूरमाकेडी त्यांचं गाव. गेल्टाख्तमधलं, म्हणजे अजून आयरिश बोलली जाते अशा पट्ट्यातलं. सात भावंडांत थोरले. ट्यूअमच्या शाळेत सहा वर्षं आयरिश आणि इतिहास शिकवला, जोडीला गॉलवेत आयरिश नाटकांत कामं. 1975 मध्ये गॅरी हाइन्स आणि मेरी मुलन यांच्याबरोबर 'ड्रुइड' ही नाट्यसंस्था काढली आणि मास्तरकी सोडली. घरच्या थोरल्यानं नोकरी सोडून नाटकात जायचं! धाडसच ते.

मग 1980, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराचं गिल्डहॉल. ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्सलेशन्स'चा पहिला प्रयोग. काळ 1833, डोनेगलमधलं आयरिश बोलणारं गाव. ब्रिटिश सैन्याचे मोजणीदार नकाशासाठी गावांची, टेकड्यांची नावं बदलून इंग्रजी करतायत. पात्रं आयरिश बोलतायत असं आपण धरायचं, कानावर पडतं इंग्रजीच.

लॅली झाले मॅनस, गावच्या मास्तरांचा लंगडा मुलगा. नाटक सुरू होतं तेव्हा तो साराला बोलायला शिकवत असतो. गाव तिला मुकीच समजतं. मॅनस धीर देत देत तिच्याकडून एक वाक्य काढून घेतो, "माझं नाव सारा." मी तो प्रयोग पाहिलेला नाही, नाटक वाचलंय, आणि दर वेळी इथेच थांबते. सहा वर्षं वर्गात आयरिश शिकवलेला माणूस, रंगमंचावर इंग्रजीत आयरिश शिकवतोय. त्या वाक्याची किंमत त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नसणार. शेवटच्या अंकात मॅनस गाव सोडून गेल्यावर इंग्रज कॅप्टन साराला दरडावून नाव विचारतो. तिचं तोंड उघडतं, मिटतं. शब्द फुटत नाही. पुस्तक हातात असूनही माझ्या अंगावर काटा येतो.

जेवणं झाल्यावर लेकीला 'द सीक्रेट ऑफ केल्स' हा कार्टूनपट लावून दिला. त्यातल्या म्हाताऱ्या एडनचा आवाज लॅलींचा. तिला पांगुर मांजर आवडते, ती तेवढंच बघते. मी डोळे मिटून आवाज ऐकत बसले.

झोपताना म्हणाली, "आई, आता तू सांग तुझं नाव."

मी म्हटलं, "इज मिशे..."

"इज नाही गं. इस."

तीनदा म्हणून घेतलं तिनं माझ्याकडून.