बाकावर मी जे सांगितलं नाही

साताऱ्याहून पहाटे साडेपाचची एसटी धरली की मी आठच्या आसपास स्वारगेटला उतरते, तिथून रिक्षानं पुण्यातला दवाखाना, आणि नंबर लावून बाकावर बसलं की आत बोलवायला कधी साडेअकरा तर कधी एक वाजतो. आत डॉक्टरांसमोर सात-आठ मिनिटं, बाहेर बाकावर तीन-चार तास. चौदा वर्षं हेच चाललंय. त्यामुळं माझ्या आजाराबद्दल मला जे काही कळतं त्यातलं निम्मं तरी त्या बाकावर कळलेलं आहे, आणि त्याच बाकावर माझ्याकडून एक मोठी चूकही झाली. ती लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मला र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे. आपल्याकडं ज्याला आमवात म्हणतात तो. वयामुळं गुडघे झिजतात ते हे नव्हे, यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. मला झाला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, मुलगी दोन वर्षांची. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटायची नाहीत, ब्लाउजचे हुक सासूबाई लावून द्यायच्या, कुकरचं झाकण उघडायचं म्हटलं की रडू यायचं. लोकांना सुजलेली बोटं दिसतात पण सकाळचं ते आखडणं कुणाला दिसत नाही, दहा वाजेपर्यंत आपण चालायला लागतो आणि मग घरचे म्हणतात आता तर बरी आहेस की.

बाकावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथं फलटणच्या एका मावशींनी मला लाटण्याला जुन्या साडीचं फडकं गुंडाळायला शिकवलं, मूठ जाड झाली की बोटांवर जोर कमी येतो. मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची आमची मुख्य गोळी, रात्री जेवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी जमलं तर कामाची घाई ठेवायची नाही, हेही तिथंच कळलं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, आणि हे मी इथं मुद्दाम लिहितेय कारण एका आजींनी घरी कुणी वाचून न दाखवल्यामुळं ती आठ-नऊ दिवस रोज घेतली होती, तोंडभर फोड आले, पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या आणि ॲडमिट करावं लागलं. त्या वाचल्या. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये मार्कर असतो, बाकावर कुणी नवीन दिसलं की मी स्ट्रिपवर वार लिहून देते. माझा सोमवार आहे. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत देतात त्या फॉलिक ॲसिडचा बुधवार.

२०१७ च्या पावसाळ्यात माझं दुखणं फार वाढलं होतं. मेथोट्रेक्सेट पंधरा मिलिग्रॅम, सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, तरी दोन्ही मनगटं सुजलेली. त्या वेळी मला एका ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या औषधाच्या पेशंटवरच्या चाचणीबद्दल, विचारलं गेलं. नवीन गोळी होती, चालू औषधं तशीच ठेवून वरून ती द्यायची. घरी सांगितल्यावर माझे वडील पहिल्यांदा म्हणाले, तुला काय उंदीर समजतात का ते. नवऱ्याला वाटत होतं की औषध फुकट मिळतंय, पुण्याचं भाडंही देतात, तर बघायला काय हरकत आहे. मला दोघांचंही पटत नव्हतं. फुकट मिळतंय हे काही शरीरात औषध घालायचं कारण होऊ शकत नाही, आणि उंदराला कुणी विचारत नाही, मला विचारत होते.

संमतीपत्र मराठीत होतं, वीसेक पानं. ते घरी घेऊन जाऊ दिलं, चार दिवस. मी पेन्सिलीनं खुणा करून सतरा प्रश्न काढले आणि ते सगळे विचारले. काही झालं तर उपचाराचा खर्च कोण करणार, मधेच सोडलं तर माझी नेहमीची ट्रीटमेंट बंद करणार का (नाही, कधीही सोडता येतं आणि कारणही द्यावं लागत नाही), पेशंटच्या हिताकडं लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर कुठल्या पानावर आहे, सही केलेली एक प्रत मला मिळणार का. कुणाला ट्रायलबद्दल विचारलं गेलं तर माझं सांगणं एवढंच की हे प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका. आपल्याकडं २०१९ पासून नवीन नियम आलेत, ट्रायलमुळं इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हे त्यात लिहिलेलं आहे. आणि प्रत्येक ट्रायल सुरू व्हायच्या आधी सीटीआरआय नावाच्या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे, तिथं कुणीही नाव टाकून बघू शकतं. मी तेव्हा सायबर कॅफेत जाऊन बघितलं होतं. आपण जिथं सही करतोय ती ट्रायल तिथं आहे हे बघून खूप धीर आला.

मग तपासण्या. छातीचा एक्सरे, टीबीची टेस्ट, कावीळ बी आणि सी, लिव्हर, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. टीबीवर फार लक्ष असतं कारण ही नवीन औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, आणि आपल्या देशात कितीतरी जणांच्या शरीरात टीबी झोपलेला असतो, तो उठू शकतो. त्याच टेस्टमध्ये कराडच्या एका ताई बाहेर पडल्या. त्यांच्याबद्दल पुढं सांगते.

प्रत्येक व्हिजिटला डॉक्टर अठ्ठावीस सांधे दाबून बघायचे, दुखतो का, सूज आहे का, सगळं फॉर्मवर. त्या अठ्ठावीसमध्ये पावलांचे सांधे नसतात हे मला तेव्हाच कळलं, आणि माझे तर पायाचे चवडेच जास्त दुखायचे. कोऑर्डिनेटर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या जगभर मोजायची एकच पद्धत ठेवावी लागते म्हणून, पण तुम्ही सांगा, मी डायरीत लिहून घेते. मला ते आवडलं. डायरीत रोज लिहायचं, सकाळी किती वेळ आखडलं, दुखणं शून्य ते दहात किती, आणखी कुठलं औषध घेतलं का, अगदी डोकेदुखीची गोळीसुद्धा. रिकाम्या स्ट्रिपा परत न्यायच्या, त्या मोजून घ्यायचे.

आणि ट्रायल डबल ब्लाइंड होती. काही जणांना खरी गोळी, काही जणांना पहिले बारा आठवडे हुबेहूब तशीच दिसणारी डमी, त्यानंतर सगळ्यांना खरी. कुणाला काय मिळतंय ते आम्हाला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. हे मला समजावलं होतं, मी समजून सही केली होती.

तरी पाचव्या आठवड्यात मला वाटायला लागलं की मला खरीच मिळतेय. कारण फरक पडला होता! सकाळचं आखडणं पाऊण तासावर आलं, मनगटाची सूज कमी झाली, दिवाळीला मी चकल्या सोऱ्यातून स्वतः पाडल्या, पाच वर्षांनी पहिल्यांदा. आणि मी बाकावर सगळ्यांना सांगत सुटले की नवीन गोळी जबरदस्त आहे, बाकी सगळी औषधं हिच्यापुढं काहीच नाहीत. मनापासून सांगत होते मी. कराडच्या ताई माझ्याशेजारीच बसलेल्या असायच्या.

ट्रायल पुढं चालली, मी वर्षभर होते. सगळ्यांचं सगळं संपल्यावर, हिशोब झाल्यावर, २०१९ मध्ये मला बोलावून सांगितलं की तुम्ही पहिले बारा आठवडे डमीवर होतात.

मला दोनदा विचारावं लागलं. त्या चकल्या मी डमी गोळीवर पाडल्या होत्या.

घरी येताना एसटीत मी सगळा विचार केला आणि एक गोष्ट कबूल करावी लागली जी मी कुणालाच सांगितली नव्हती. ट्रायलच्या आधी मी मेथोट्रेक्सेट नेमानं घेत नव्हते. मंगळवारभर मळमळायचं, त्यामुळं महिन्यातला एखादा, कधी दोन सोमवार मी चुकवायचे. डॉक्टरांनी विचारलं की हो घेते म्हणायचे. ट्रायलमध्ये स्ट्रिपा मोजायला लागल्यावर मी पहिल्यांदा सलग बारा सोमवार ती गोळी घेतली. म्हणजे काम केलं ते बहुतेक माझ्या जुन्या पिवळ्या गोळीनं. शिवाय मी ट्रायलमध्ये गेले तेव्हा दुखणं टोकाला होतं, असं टोकाला गेलेलं काही दिवसांनी थोडं उतरतंच. आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी फोन करून काय हो कशा आहात विचारतंय, अठ्ठावीस सांधे हातात घेऊन बघतंय, त्याचाही परिणाम असणारच. दुखणं खरंच कमी झालं होतं, ते खोटं नव्हतं. फक्त त्याचं कारण मी चुकीचं सांगितलं होतं.

आता कराडच्या ताई. त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी २०१७ च्या शेवटी दुसरं औषध वाढवायला सांगितलं होतं. टीबीच्या टेस्टमुळं ट्रायलमध्ये घेतलं नाही, पण माझं ऐकून त्यांच्या मनात बसलं की ती गोळी लवकरच बाजारात येईल, मग तीच घेऊ, उगाच दुसरं कशाला पोटात घालायचं. चार-पाच महिने त्यांनी औषध वाढवलं नाही. आमवातात तेवढे महिने फार असतात, आत हाड खरवडलं जातं ते परत भरून येत नाही. त्यांचं उजवं मनगट आता पूर्ण वळत नाही. त्या मला कधीच काही बोलल्या नाहीत, उलट मी डमीचं सांगितलं तेव्हा माझाच हात हातात घेऊन बसल्या. पण मी सांगितलं होतं हे मला माहीत आहे.

त्यानंतर वर्षभरातच कोविड आला आणि हीच गोष्ट मी सगळ्या देशात होताना बघितली. मार्च २०२० मध्ये कुठूनतरी बातमी आली की हायड्रॉक्सिक्लोरोक्वीननं कोरोना होत नाही, अमक्याला फरक पडला, तमक्यानं घेतली. लोकांनी डबेच्या डबे नेले. सरकारनं ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एच-वन यादीत टाकली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही म्हणून, पण तोपर्यंत दुकानं रिकामी. मी साताऱ्यात नऊ मेडिकल फिरले. जी गोळी आमवाताचे आणि ल्युपसचे (तोही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) पेशंट वर्षानुवर्षं रोज घेतात ती आम्हालाच मिळेना. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या ट्रायलनं दाखवलं की दवाखान्यात भरती झालेल्या कोविडच्या पेशंटना तिचा उपयोग होत नाही. ते कळलं कशावरून, तर दीडेक हजार लोकांना गोळी दिली आणि तीनेक हजार लोकांना दिली नाही, आणि दोघांची तुलना केली. डमी गटात असणं म्हणजे आपली फसवणूक झाली असं मला आधी दोन दिवस वाटत होतं, ते तेव्हा पूर्ण गेलं. माझ्यासारखे बारा आठवडे डमीवर बसले नसते तर त्या नव्या गोळीचं खरं काय ते कुणालाच कळलं नसतं.

पुड्यांबद्दलही लिहायला पाहिजे. बाकावर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी सांगतं की अमुक गावात एक जण पुडी देतो, आठ दिवसांत चालायला लागतात. बारामतीकडचे एक काका अशी पुडी घेऊन खरंच चालायला लागले होते, आणि दोन महिन्यांत तोंड गोल सुजलं, शुगर तीनशेच्या वर. डॉक्टरांच्या मते त्यात स्टेरॉइड होतं. ते एकदम बंदही करता येत नाही, हळूहळूच उतरवावं लागतं. हे मी आयुर्वेदाच्या विरोधात लिहीत नाही, पुण्यात संधिवाताचे डॉक्टर अरविंद चोप्रा यांच्या सेंटरनं आयुर्वेदिक औषधांच्याही रीतसर ट्रायल केल्यात, बाकीच्या औषधांशी तुलना करून. माझा राग आहे तो नाव नसलेल्या पुडीवर.

मी बाकावर बोलणं बंद केलेलं नाही. फक्त आता वही असते. कुणी विचारलं की माझं हे असं झालं सांगताना मी किती डोस, कधीपासून, सोबत आणखी काय चालू होतं, किती वेळा चुकवलं, हे सगळं सांगते. वेळ लागतो. पण बाकावर वेळच असतो.

परवाच्या मंगळवारी एक मुलगी आली होती, चोवीस-पंचवीसची, आई सोबत, हातात मेथोट्रेक्सेटची पहिली चिठ्ठी. हळूच विचारलं, काकू, हिनं केस जातात का? मी सांगितलं, माझे पहिल्या सहा महिन्यांत थोडे विरळ झाले, मी पंधरा मिलिग्रॅम घेते, फॉलिक ॲसिड नेमानं घ्यायला लागल्यावर थांबलं, पण तेव्हाच माझं हिमोग्लोबिनही नऊ होतं आणि ते वाढायलाही तेवढाच वेळ लागला, त्यामुळं नक्की कशानं थांबलं ते मी सांगू शकत नाही. लग्न ठरलंय का विचारलं. डिसेंबरमध्ये आहे म्हणाली. म्हटलं मग आत गेलीस की हे पहिलं सांग, लाजू नकोस, मूल हवं असेल तर ही गोळी काही महिने आधी बंद करावी लागते आणि ते डॉक्टरच ठरवतील. तिच्या आईनं चिठ्ठीच्या मागं ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर ती मेडिकलमधून स्ट्रिप घेऊन परत माझ्याकडं आली. डॉक्टरांशी बोलणं झालं म्हणाली, सध्या सुरू करायची, तीन महिन्यांनी परत बोलू असं ठरलंय. कुठला वार घेऊ विचारलं. रविवारी सुट्टी असते तर शनिवार रात्र बरी पडेल का म्हणाली. मी मार्कर दिला, तिनं स्वतःच लिहिलं, शनि.