धुरी दिलेलं मांस : आमच्या प्रयोगशाळेची वाटचाल

आमची प्रयोगशाळा भोसरीच्या एमआयडीसीत आहे. पाणी, दूध आणि खाद्यतेलाच्या तपासणीपासून सुरुवात झाली आणि बरीच वर्षं तेवढ्यावरच घर चाललं. धुरी दिलेलं मांस तपासू, असं आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते काम पुण्यातल्या नागा मुलांमुळे आलं. शिकायला आणि नोकरीला इथे आलेल्या या मुलांसाठी दिमापूर-कोहिमाकडून पोर्क मागवून विकणारा एक तरुण पाण्याच्या रिपोर्टसाठी आमच्याकडे यायचा. एका मोठ्या दुकानदाराने त्याचा माल ठेवायचं कबूल केलं, पण पीएएचचा, म्हणजे धुरातल्या घातक संयुगांचा, रिपोर्ट मागितला. त्याने पाकिटं टेबलावर ठेवून विचारलं, "दीदी, हे तुम्ही कराल ना?"

आमच्याकडे तेव्हा त्यासाठी लागणारं यंत्र नव्हतं. त्याला दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पत्ता दिला, पण मला चैन पडेना. ज्या वस्तूवर एखाद्याचा अख्खा धंदा उभा आहे, तिची तपासणी आपल्या दारात व्हायला हवी, असं वाटत राहिलं. मिस्टर आणि मी दोघंही रसायनशास्त्रातले, त्यामुळे घरात वाद झाला तो फक्त हप्त्यांवर. शेवटी कर्ज काढून ट्रिपल क्वाड्रुपोल जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातली संयुगं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र, घेतलं.

पीएएच म्हणजे पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स. लाकूड किंवा चरबी अर्धवट जळाली की ही संयुगं तयार होतात आणि धुराबरोबर मांसावर बसतात. काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांवरून दाखवून दिला होता. त्यामागच्या संयुगांपैकी बेंझो(ए)पायरीन हे डांबरातून वेगळं काढलं गेलं ते १९३३ मध्ये. आज ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. युरोपने १ सप्टेंबर २०१४ पासून धुरी दिलेल्या मांसासाठी त्याची मर्यादा किलोला ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. त्याच्यासह बेंझ(ए)अँथ्रासीन, बेंझो(बी)फ्लुओरँथीन आणि क्रायसीन या चौघांची बेरीज ३० वरून १२ वर आली. एकट्या बेंझो(ए)पायरीनवर भागत नाही, कारण ते न सापडलेल्या कित्येक सॅम्पलांत बाकीची मंडळी सापडतात. निर्यातीचा विचार असलेले आमचे ग्राहक हीच मोजपट्टी धरतात.

दोन मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन, आणि तेही किलोभर मांसात. खरा त्रास चरबीचा. ही संयुगं चरबीत विरघळतात, म्हणून मांसातून ती काढताना चरबीही सोबत येते आणि यंत्र घाण करते. त्यासाठी सॅम्पल अल्कोहोलमधल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवून चरबीचा साबण करायचा, मग हेक्झेन या द्रावकाने पीएएच ओढून घ्यायचे आणि सिलिका भरलेल्या नळीतून गाळायचे. अगदी सुरुवातीलाच कार्बन-१३ असलेली त्याच संयुगांची स्टँडर्ड ठरावीक मात्रेत घालतो. वाटेत जे हरवेल ते त्यांच्याही बाबतीत हरवतं, म्हणून शेवटचा हिशेब लागतो. काचेचीच भांडी वापरायची, कारण प्लास्टिकला ही संयुगं चिकटून बसतात. प्रकाशात ती मोडतात, म्हणून बाटल्या तपकिरी आणि खोली मंद उजेडाची. दसऱ्याला यंत्रांना झेंडूचे हार घालतो, पण उदबत्ती आणि कापूर गेटबाहेर. धूर आत आला की मांस नसलेल्या कोऱ्या सॅम्पलच्या आलेखातही पीएएचचे उंचवटे दिसायला लागतात.

क्रायसीनबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे. ट्रायफेनिलीन नावाचं त्याचं एक भावंड आहे. दोघांच्या रेणूचं वस्तुमान २२८, आणि यंत्रात संयुगं वेगळी करणाऱ्या नेहमीच्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, दोघं एकाच वेळी बाहेर पडतात. यंत्राला ते एकच दिसतं आणि सगळं क्रायसीनच्या खात्यावर जमा होतं. म्हणजे आकडा फुगतो आणि मर्यादेच्या आत असलेला माल नापास होऊ शकतो. या दोघांना वेगळं करणारा खास कॉलम महाग आहे, पण तो घेतल्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. पुढे एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता आणि एकच सॅम्पल अनेक प्रयोगशाळांकडून तपासून घेणाऱ्या परदेशी प्राविण्य चाचण्या झाल्या. त्यात आमचे आकडे इतर प्रयोगशाळांशी जुळले, तेव्हा सगळ्या स्टाफला पेढे वाटले.

त्या तरुणाची काही पाकिटं पास झाली, काही नापास. मांस एकाच गावचं, डुकरंही तशीच. "मग फरक कुठे पडतो?" त्याने विचारलं. याचं उत्तर प्रयोगशाळेत बसून देता येईना, म्हणून त्याच्याबरोबर कोहिमाकडे गेले. तिथे घरात चुलीवर बांबूची मांडणी असते आणि मांस तिच्यावर दिवसचे दिवस टांगलेलं राहतं. खालच्या ओळीतल्या तुकड्यांची चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकत होती. ती जळून उठणारा धूर सगळ्यात वाईट. आग पेटती ठेवायला कुणी चिडाच्या राळेदार ढलप्या टाकत होतं. खोनोमा गावाजवळ शेतात अल्डरची झाडं राखून, छाटून सरपण मिळवायची जुनी रीत आहे. ते लाकूड राळेचं नाही. आम्ही सुचवलं इतकंच: अल्डरसारखं सुकं लाकूड वापरा, ज्वाळेपेक्षा धुमसती आग ठेवा, मांस उंच टांगा, चरबी गोळा करायला खाली पत्रा तिरका लावा. धुराचं तापमान वाढलं की पीएएचही वाढतात. चव बदलेल म्हणून आजीबाईंनी आधी नकार दिला, मग स्वतः चाखून होकार दिला. पुढच्या हंगामातली पाकिटं मर्यादेत आली आणि त्या दुकानात लागली.

त्यानंतर गोव्यातून पावसाळ्यात चुलीवर टांगलेले चोरीस, म्हणजे तिथले पोर्कचे सॉसेज, तपासणीला येऊ लागले. पोर्तुगाल, स्पेन, पोलंड अशा देशांना युरोपने स्थानिक बाजारातल्या पारंपरिक मांसासाठी जुनी ५ आणि ३० ची मर्यादा ठेवू दिली आहे, हे मी गोव्याच्या कारागिरांना आवर्जून सांगते. कायद्यालाही परंपरेची किंमत कळते. पण धूर सुधारणं हातात असताना सवलतीवर अवलंबून राहू नये, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे सॅम्पल पाठवताना तुकडा कातडीसकट अख्खा पाठवा, वरचा काळा थर खरवडू नका. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, उजेडापासून लांब, बर्फावर पाठवा. लाकूड कोणतं आणि मांस किती दिवस टांगलं, हे चिठ्ठीवर लिहा. रिपोर्टमध्ये चारही संयुगांचे आकडे वेगवेगळे येतील, आणि नापास झालात तर फोन आमच्याकडून येईल.