जॉन्सटाऊनचा पूर आणि माशांच्या जाळ्या

पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाऊनबद्दल वाचत बसलेय आणि डोक्यातून ते जातच नाहीये. ३१ मे १८८९ ला गावाच्या वरच्या अंगाला, साधारण २२ किलोमीटरवर असलेलं साऊथ फोर्क धरण फुटलं आणि २,२०९ माणसं गेली, त्यात ९९ कुटुंबं तर अख्खीच्या अख्खी संपली. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण धरण होतं पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या क्लबचं, पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीसुद्धा मेंबर, आणि तिथे पाणी सोडायचे पाईप आधीच काढलेले ते परत कधी बसवलेच नाहीत, वर बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाची उंची कमी केली, आणि सांडव्याला जाळ्या कशासाठी, तर तलावातले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून! खाली हजारो माणसं राहत होती हो.

सगळं वाहून आलेलं सामान रेल्वेच्या दगडी पुलापाशी अडकलं आणि त्याला आग लागली, त्यात अडकलेली माणसं पण होती. क्लारा बार्टन रेडक्रॉसची टीम घेऊन आल्या आणि कित्येक महिने तिथेच राहिल्या, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. कोर्टात मात्र क्लबवर जबाबदारी आलीच नाही. नंतर कार्नेगीने गावाला लायब्ररी बांधून दिली, तिथे आता पुराचं म्युझियम आहे. ग्रँडव्ह्यू दफनभूमीत ओळख न पटलेल्यांसाठी नाव नसलेल्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत, फोटो बघूनच गलबलून आलं.