व्यवसाय : स्थावर मालमत्ता

“जन्मभर दिवाणी वकिली केलीत, मग त्या इटालियन गुंडात तुम्हाला एवढे काय सापडते?” हा प्रश्न घरची माणसे आणि कोर्टाच्या बाररूममधले (वकिलांच्या खोलीतले) जुने सहकारी मला नेहमी विचारतात. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून लिहितो. फ्रँक कोस्टेलोच्या टोळीपेक्षा मला त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जात अधिक रस आहे.

दक्षिण इटलीतील कालाब्रियात १८९१ साली जन्मलेला हा माणूस मूळचा फ्रांचेस्को कास्तिल्या. लहानपणीच तो न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये आला आणि पुढे कोस्टेलो हे आयरिश वळणाचे आडनाव लावू लागला. दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर आणि नंतर जुगाराच्या स्लॉट मशीनवर त्याने अमाप पैसा केला. मात्र त्याची खरी कमाई म्हणजे राजकारण्यांच्या ओळखी. १९४३ साली न्यायाधीशपदाची उमेदवारी मिळालेला एक दंडाधिकारी फोनवर त्याचे आभार मानताना सरकारी टॅपिंगमध्ये सापडला, आणि तरीही निवडून आला. (यावर बाररूममध्ये कोणालाच आश्चर्य वाटत नाही.)

१९२५ साली नागरिकत्व घेताना कोस्टेलोने व्यवसाय म्हणून ‘स्थावर मालमत्ता’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात तेव्हा तो दारूच्या चोरट्या धंद्यात होता आणि पुढे चौकशांमध्ये तशी कबुलीही देऊन बसला. सरकारने तेवढेच धरले. इतक्या वर्षांनी दावा आणणे अन्यायाचे आहे, हा त्याचा विलंबाचा मुद्दा फेटाळून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली त्याचे नागरिकत्व रद्द करण्याचा निर्णय कायम केला. दरम्यान १९५७ साली घराच्या इमारतीतच त्याच्यावर गोळी झाडली गेली होती. ती डोक्याला चाटून गेली आणि मारेकऱ्याला ओळखण्यास त्याने कोर्टात नकार दिला.

नागरिकत्व गेल्यावर हद्दपारी अटळ वाटत होती. नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे फसवणुकीसारख्या लांछनास्पद, दोन गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या परकीयाला देशाबाहेर काढता येत असे, आणि १९५४ साली दोन वर्षांचा प्राप्तिकर चुकवल्याबद्दल, म्हणजे दोन गुन्ह्यांत, कोस्टेलो दोषी ठरलाच होता. सरकारचे म्हणणे असे की, नागरिकत्व पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झाल्यामुळे तो १९५४ सालीही परकीयच होता. न्यायालयाने १९६४ साली हा युक्तिवाद नाकारला: शिक्षा झाली त्या दिवशी तो नागरिक होता, आणि कायद्याची भाषा दोषी ठरण्याच्या वेळी परकीय असलेल्या माणसापुरतीच आहे. कायद्यातल्या एका क्रियापदाच्या काळावर इतका खल मी क्वचितच पाहिला आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या कुतूहलाचे मूळ तिथेच आहे.

कोस्टेलो न्यूयॉर्कमध्येच राहिला. फेब्रुवारी १९७३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हृदयविकाराने त्याच शहरात वारला.